रेनेसाँ फेअरसाठी स्मॉक आणि कर्टल: कापणीपासून नाडी ओवण्यापर्यंत

रेनेसाँ फेअर म्हणजे जुन्या युरोपचा काळ उभा करणारी अमेरिकेतली जत्रा. तिथे घालायला तयार मिळणारा ‘रेनेसाँ ड्रेस’ बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. मागे चेन, पुढे नुसती दिखाऊ नाडी. उन्हाळी फेअरला दुपारी बारापर्यंत तो अंगाला चिकटतो आणि शेकोटीची ठिणगी पडली की वितळून भोक पडतं. त्यापेक्षा सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधली कष्टकरी बाई जे घालत होती तेच शिवावं: आत लिननचा स्मॉक (अंगालगतचा सैल झगा), वर पुढून नाडीने आवळायचा कर्टल (चोळी आणि घागरा जोडून शिवलेला पोशाख), कमरेला एप्रन आणि डोक्यावर कॉइफ (केस झाकणारी लिननची टोपी). कापड साधं आणि कापणी सोपी, पण अंगावर बसायचं तर मेहनत लागते. ती मेहनत जवळजवळ सगळी आतल्या थरांत आहे. बाहेरून लेस आणि जर लावून चुकलेली चोळी सुधारत नाही.

आधी तुमचा फेअर कोणता काळ दाखवतो ते पाहा. विस्कॉन्सिनमध्ये केनोशाजवळचा ब्रिस्टल फेअर १५७४ साली राणी एलिझाबेथ ब्रिस्टलला आली तो प्रसंग उभा करतो आणि भर उन्हाळ्यात भरतो. मेरीलँडमध्ये क्राउन्सव्हिलचा फेअर आठव्या हेन्रीच्या राजवटीतला आहे. टेक्ससचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो. खाली दिलेला पोशाख या तिन्ही ठिकाणी चालतो, कारण कामकरी माणसांचे कपडे दरबारी फॅशनइतके भराभर बदलत नव्हते. मराठीत काव्य रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोचले. त्यांचं तरुणपण याच इंग्लंडमध्ये गेलं होतं. त्यांच्या गावच्या बाजारात बसणाऱ्या बायका असेच कपडे घालत असणार.

पाहायला चित्रं हवी असतील तर अँटवर्पच्या योआखिम ब्युकेलारची बाजाराची आणि स्वयंपाकघराची चित्रं काढून बसा. त्याची १५६९-७० ची चार मोठी चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. बायका फ्लेमिश आहेत, पण कपड्यांची ठेवण तीच. कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, पुढची नाडी आणि एप्रन कसा बांधलाय हे त्यांत दिसतं, आणि ते फोटो टाकणाऱ्या दुकानांपेक्षा कितीतरी खात्रीचं आहे.

कापड

खालची मापं छाती ३६, कंबर ३० आणि उंची पाच फूट तीन इंच धरून दिली आहेत. स्वतःच्या मापाने बदलायची कशी तेही पुढे येईलच.

स्मॉकसाठी १२० ते १५० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) पांढरं किंवा न रंगवलेलं लिनन, ५८ इंच पन्ह्याचं, पावणेतीन मीटर. कर्टलच्या बाहेरच्या थराला २५० ते ३०० जीएसएमचं लोकरी कापड सव्वातीन मीटर. फेअर जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर लोकरीऐवजी २४० जीएसएमच्या आसपासचं जाड लिनन घ्या. चोळीच्या अस्तराला मधल्या वजनाचं लिनन पाऊण मीटर, आणि अस्तर व वरचं कापड यांच्यामध्ये घालायला घट्ट विणीचा लिनन किंवा सुती कॅनव्हास दीड मीटर, म्हणजे दोन थर. याच कॅनव्हासवर सगळी मदार आहे. त्याऐवजी इस्त्रीने चिकटणारं बकरम वापरू नका. घामाने आणि अंगाच्या उष्णतेने डिंक सुटतो आणि चोळीवर फुगे येतात.

भारतात येणं होणार असेल तर लिनन इथून मीटरवर नेणं परवडतं. पण दुकानदार ‘कॉटन-लिनन’ म्हणून जे दाखवतो त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं नाही याची खात्री करा. दोन-चार धागे काढून पेटवून पाहिले की कळतं. लिनन कागदासारखं जळतं आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर आकसतं आणि टोकाला कडक मणी राहतो.

रंग मंजिष्ठाच्या लालसर-विटकरी छटा, निळा, पिवळा, खाकी-हिरवा किंवा लोकरीचा मूळचा तपकिरी यांतला निवडा. तिकडचा निळा वोड नावाच्या झाडापासून येत असे आणि त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच आहे, म्हणून आपल्याकडची निळीने रंगवलेली कापडं इथे अगदी शोभतात. जांभळं रेशीम आणि जर टाळा. राणी एलिझाबेथच्या १५७४ च्या फर्मानात कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणतं कापड घालावं हे लिहून दिलेलं होतं, आणि जांभळं रेशीम राजघराण्यासाठी राखलेलं होतं.

कापड आणल्याबरोबर धुवा. लिनन गरम पाण्यात दोनदा, वाळवून इस्त्री करून. पहिल्या धुण्यात ते शेकडा ५ ते १० सहज आटतं. लोकरीच्या कापडावर ओला पंचा ठेवून वाफेची इस्त्री फिरवा. ही पायरी गाळली तर पहिल्या पावसात बाहेरचा थर आटतो, अस्तर तेवढंच राहतं, आणि चोळीच्या कडेने अस्तर बाहेर डोकावू लागतं.

स्मॉक

स्मॉकला कागदी नमुना लागत नाही. सगळे तुकडे चौकोन आणि त्रिकोण आहेत. आपल्या कळीदार कुर्त्याची कापणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचंच वाटेल: काखेत चौकोन, बाजूला कळ्या, वाया काही जात नाही. माग चालवायला कष्ट पडत तिथे कापड वाचवायची अक्कल सगळीकडे सारखीच येते.

धुतल्यावर पन्हा ५६ इंच उरला असं धरू. एका किनारीपासून २६ इंच रुंद आणि ९२ इंच लांब पट्टा काढा. हे अंग. खांद्यावर नुसतं दुमडायचं, तिथे शिलाई नाही. उरलेल्या ३० इंचांतून १८ इंच रुंदीच्या पट्ट्यातून १८ बाय १८ च्या दोन बाह्या, आणि शेजारच्या १२ इंचांतून १० बाय ३० चे दोन आयत. हे आयत कर्णरेषेत कापले की चार कळ्या मिळतात. १८ इंची पट्ट्यात आता बरंच कापड उरतं. त्यातून काखेचे ६ बाय ६ चे दोन चौकोन आणि कफांसाठी ४ बाय १० च्या दोन पट्ट्या काढा. सगळ्या मापांत अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) धरलेली आहे.

बाहीची लांबी स्वतःच्या मापाने अशी काढायची: मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंत मोजा, त्यातून अंगाच्या पट्ट्याची निम्मी रुंदी वजा करा आणि दोन इंच मिळवा. २९ इंच माप असेल तर २९ वजा १३, अधिक २, म्हणजे १८. अंगाची रुंदी छातीच्या निम्म्याहून आठ इंच जास्त ठेवा.

शिवताना आधी काखेचा चौकोन बाहीला जोडा, मग बाही अंगाला. बाहीचा मध्य खांद्याच्या दुमडीवर टाचणीने पक्का करा. त्यानंतर चौकोनाची शेजारची बाजू अंगाला, खाली अडीच-तीन इंच सरळ शिलाई, आणि तिथून कळ्या. कळीची उभ्या धाग्याची सरळ बाजू अंगाला लावा आणि दोन कळ्यांच्या तिरक्या बाजू एकमेकींना. उलट केलंत तर तिरकी बाजू ताणली जाऊन बाजूची शिलाई लाटेसारखी होते.

काखेच्या चौकोनाच्या कोपऱ्यात जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा फसतो. टीप कोपऱ्यापर्यंत न नेता अर्धा इंच आधी, मायेच्या रेषेवर, थांबवायची. तिथे दोन उलट्या टिपा मारून दोरा तोडायचा आणि पुढची बाजू नव्याने सुरू करायची. टीप कोपऱ्यावरून सलग फिरवली की तिथे चुणी अडकते. ती कापून मोकळी करायला गेलात की हात वर करताच काख उसवते.

आतल्या लांब शिलाया मशीनवर मारायला हरकत नाही. शिलाई मशीन १९ व्या शतकातलं आहे हे खरं, पण आत कोण पाहतंय. मात्र माया तशीच मोकळी सोडू नका, कारण लिननचे धागे सुटतात. एका बाजूची माया निम्मी कापा, दुसरी तिच्यावरून दुमडून झाका आणि हाताने बारीक तुरपाई करा. अशी चापून बसवलेली शिलाई शंभर धुण्यांनाही दाद देत नाही, आणि कर्टल आवळल्यावर कडा अंगाला टोचत नाहीत.

गळा सर्वांत शेवटी. दुमडीच्या मधोमध आठ इंच रुंद, पुढे पाच आणि मागे दीड इंच खोल, एवढाच चौकोन आधी कापा. कर्टल तयार झाल्यावर तो घालून पाहा आणि मग हवा तेवढा वाढवा. पहिल्याच फटक्यात अकरा-बारा इंच कापलेला गळा खांद्यावरून घसरतच राहतो. कोपऱ्यांत तिरकी चीर दिल्यावर आतून लिननचा छोटा चौकोन लावा, नाहीतर तिथूनच फाटायला सुरुवात होते. बाहीच्या टोकाला चुण्या घालून कफात बसवा. कफाला काज-बटणाऐवजी दोन बंद पुरेत.

पुरुषांचा शर्टही याच कापणीचा. लांबी मांडीच्या मध्यापर्यंत, कळ्या नाहीत, बाजूला सहा इंचांचे कट.

कर्टलची चोळी

नमुना काढण्यासाठी जुनी चादर चालेल असं सगळीकडे सांगतात. पहिल्या अंदाजापुरती ती ठीक आहे. शेवटची फिटिंग मात्र कॅनव्हासवरच करा, कारण पातळ चादर ताणून कशीही बसते आणि खोटा भरवसा देते.

स्मॉक अंगावर घालून उभ्या राहा. मदतीला एक माणूस हवंच. मागचा एक तुकडा आणि पुढचे दोन असे तीन भाग. मागचा तुकडा पाठीवर टाचून घ्या आणि पुढचे दोन काखेखाली, किंचित पाठीकडे सरकवून, त्याला जोडा. छाती हाताने वर उचलून धरा आणि पुढच्या कडा दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत आखा. ही कडा काटेकोर उभ्या धाग्यावर यायला हवी. थोडी जरी उरेबात, म्हणजे तिरक्या धाग्यावर, गेली तरी नाडी आवळल्यावर ती धनुष्यासारखी वाकते. खालची रेघ कमरेच्या सर्वांत बारीक जागी, बेंबीच्या थोडी वर. ती कमरेच्या हाडावर ठेवणं ही आजच्या जीन्सची सवय आहे.

दोन्ही कडांमध्ये दोन इंच फट राहिली पाहिजे. कॅनव्हास आणि लोकर घामाने आणि हालचालीने सैल होतात, आणि घातल्यावर तासाभरात चोळी इंचभर मोठी झालेली जाणवते. पहिल्या दिवशी कडा एकमेकींना टेकल्या तर दुपारी आवळायला जागाच उरत नाही, आणि सगळं वजन खांद्यांवर येतं.

आता खुर्चीवर बसा. उभ्याने सुंदर बसलेली चोळी बसल्यावर वर सरकून गळ्याशी आली तर ती लांब आहे. खालून अर्धा-अर्धा इंच कापत पुन्हा बसून पाहा. खांद्यापासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या पडत असतील तर खांदापट्टी लांब आहे. पट्टी खांद्यावरून घसरत असेल तर ती लहान करून उपयोग नाही. मागच्या बाजूने पट्ट्या एकमेकींच्या जवळ घ्या. कमरेवर आडव्या वळ्या पडत असतील तर बाजूच्या शिलाईत कमरेपाशी कापड कमी आहे.

नमुना जमला की कॅनव्हासचे दोन थर मायेशिवाय कापा. ते एकमेकांवर ठेवून इंचाच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घाला. चोळी दोन थरांनी ताठ राहते आणि छाती सावरते. छाती भरदार असेल तर पुढच्या कडेला दोन थरांमध्ये बोगदा शिवून त्यात आठ मिलिमीटर रुंदीचा, टोकं घासून गोल केलेला प्लास्टिकचा केबल टाय सरकवा. तो हाडाच्या पट्टीचं काम करतो.

वरचं कापड अर्धा इंच माया ठेवून कापा, कॅनव्हासवर पसरा, माया आत वळवून फक्त कॅनव्हासला टाके घाला. बाहेर टाका दिसता कामा नये. मग अस्तराच्या कडा दुमडून आतून तुरपाई. तिन्ही तुकडे असे वेगवेगळे पूर्ण करा आणि शेवटी कडेला कड लावून, जाड मेण लावलेल्या दोऱ्याने, इंचाला दहा-बारा टाक्यांनी जोडा. ही पद्धत वेळखाऊ वाटते, पण पुढे वजन कमी-जास्त झालं तर बाजूची शिलाई उसवून पाऊण तासात पट्टी घालता येते. बाकीच्या कपड्याला हात लावावा लागत नाही.

नाडीची भोकं

धातूच्या रिंगा बसवू नका. त्या १९ व्या शतकातल्या आहेत आणि पिळल्या की निघून येतात. हाताने शिवलेलं भोक टिकतं.

पुढची कड १२ इंच धरू. नाडी बुटासारखी फुलीत घालायची नाही, एकच नाडी जिन्यासारखी खाली उतरते. म्हणून दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर नकोत. डाव्या बाजूला वरून अर्धा, दीड, अडीच अशी साडेअकरापर्यंत बारा भोकं. उजव्या बाजूला अर्धा, मग एक, दोन, तीन अशी अकरापर्यंत आणि शेवटी साडेअकरा, एकूण तेरा. म्हणजे फक्त सर्वांत वरची आणि सर्वांत खालची जोडी समोरासमोर येते. ही जोडी विसरलात तर एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा इंच वर चढून बसते, आणि शिवणारीला वाटतं की चोळीच वाकडी कापली गेली.

कडेपासून तीन अष्टमांश इंच आत खडूने खुणा करा. टोच्याने धागे बाजूला सारत भोक पाडा, कापू नका. कापलेले धागे टाक्यांतून निसटतात आणि भोक एका दुपारीत ओठासारखं फाटतं. टोचा सर्व थरांतून आरपार, भोक पेन्सिलएवढं होईपर्यंत फिरवत दाबा. मेण लावलेला रेशमी किंवा लिननचा दोरा घ्या. भोकातून वर, कडेवरून खाली, असे वीस ते चोवीस टाके गोल फिरवा आणि प्रत्येक टाका बाहेरच्या दिशेने ओढून घट्ट करा. निम्म्यावर आल्यावर टोचा पुन्हा घालून भोक मोकळं करा, कारण ते सतत मिटायला बघतं. एका भोकाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पंचवीस भोकं म्हणजे पाच-सहा तास, आणि ते एका बैठकीत करू नका. शेवटची भोकं घाईत झालेली लगेच ओळखू येतात. अंगुस्तान न घालता हे काम करायला बसूच नका.

नाडी पावणेतीन मीटर, सुती. लेंग्याची जाडसर विणलेली नाडी चालते. बुटाची पॉलिएस्टर नाडी गाठीत घसरते. एका टोकाला दोरा गुंडाळून मेण लावा म्हणजे ओवायला सुई लागत नाही. उजवीकडच्या सर्वांत वरच्या भोकात गाठ, तिथून डावीकडे, आणि मग आळीपाळीने खाली.

घागरा आणि कंबर

पन्ह्याचे दोन तुकडे, प्रत्येकी ४० इंच लांब. कडा जोडून घेर सुमारे ११० इंच होतो. पुढे मध्यावर नऊ इंच शिलाई मोकळी सोडा. ही फट राहून गेली तर कर्टल खांद्यांतून उतरत नाही, आणि हे चुण्या बसवून झाल्यावरच लक्षात येतं.

पुढे दोन्ही बाजूंना चार-चार इंच सपाट राहू द्या. उरलेल्या साधारण १०० इंचांच्या उभ्या नळीसारख्या चुण्या घाला. वरची कड दीड इंच आत दुमडून, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला. टाके एकाखाली एक तंतोतंत हवेत, म्हणून आधी खडूने चौकटी आखा. अर्धा इंच वर आणि अर्धा इंच खाली म्हणजे दर इंचाला एक चुणी. अशा १०० चुण्या वीस इंचांत बसवायच्या, म्हणजे इंचाला पाच. दोरे ओढल्यावर प्रत्येक चुणीचं टोक चोळीच्या कडेला दोन-दोन टाक्यांनी पकडा. लोकर जाड असेल तर पाच मावत नाहीत. तेव्हा घेर ८५-९० इंचांवर आणा. कापड पातळ असेल तर दुमडीत फलालीनची पट्टी घाला, चुण्या ताठ उभ्या राहतात. मशीनवर दोरा ओढून केलेल्या चुण्यांचा कमरेवर गोळा होतो आणि घागरा पिशवीसारखा लोंबतो.

खालची कड सरळ धाग्यावर ठेवा. पुढचा-मागचा फरक वरून, कमरेपाशी दुमड कमी-जास्त करून साधा. खालून कापून समतल करायला गेलात तर सरळ धागा जातो आणि कड लाटा मारते. लांबी जमिनीपासून तीन इंच वर. फेअरची जमीन खडी आणि चिखलाची असते. खालच्या कडेला आतून तीन इंचांची लोकरीची पट्टी लावा. झिजेल ती पट्टी, कर्टल नाही.

उरलेलं

एप्रन म्हणजे २७ बाय ३४ इंचांचं पांढरं लिनन, वरून चुण्या घालून पट्टीत बसवलेलं, पट्टीचे बंद मागून पुढे आणून बांधायचे. छातीवर चढणारा एप्रन नको. कॉइफसाठी १७ बाय ९ चा तुकडा रुंदीत मधोमध दुमडा. वरच्या कडा समोरून मागे शिवत या, शेवटचे अडीच इंच मोकळे सोडून त्यांत चुण्या ओढा आणि गाठ मारा. खालच्या कडेला नेफा करून नाडी घाला. आत घट्ट अंबाडा असला की कॉइफ दिवसभर हलत नाही. मोकळ्या केसांवर तो दहा मिनिटांत मागे पडतो.

फेअरच्या किमान आठवडाभर आधी सगळं घालून घरात तीन तास वावरा. वाका, जिना चढा, जेवा. नाडी कुठे सैल होते आणि स्मॉक कुठे वर चढतो ते तेव्हाच कळतं. आल्यावर स्मॉक धुवा. कर्टल मशीनमध्ये टाकू नका. चिखल पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, सावलीत वाऱ्यावर टांगा, आणि ठेवताना नाडी काढून घ्या, म्हणजे पुढच्या कडा ताणलेल्या राहत नाहीत.